जुन्या गाडीची बॅटरी घेताना



आजची नोंद भाताची नाही की भेंडीची नाही, गाडीच्या बॅटरीची आहे. तरी शेतीच्याच वहीत लिहितोय, कारण आपल्या शहापूर-मुरबाडकडे जुनी गाडी म्हणजे शेतीचं अवजारच. सकाळी भेंडीचे क्रेट, दुपारी खताच्या गोणी, संध्याकाळी पाहुणे. आणि रात्री कुणाच्या घरी अडचण आली तर तीच गाडी दवाखान्याची.

आमची बोलेरो २००९ ची, डिझेल. १५ वर्षं भरली तेव्हा आरटीओत पुन्हा ५ वर्षांची नोंदणी करून घेतली. इंजिन ठणठणीत. पण यंदा दिवाळीनंतर सकाळी सेल्फ मारला की ओढल्यासारखा आवाज यायला लागला. बॅटरीला चार वर्षं होऊन गेलेली. मुलगा म्हणाला, "बाबा, टाका नवीन, मोबाइलवर स्वस्तात मिळते." म्हटलं, थांब जरा. पान पिवळं पडलं की लगेच युरिया फेकतो का आपण? आधी मूळ उपटून बघतो. इथंही तसंच करू.

पंपाच्या कामाचा मल्टीमीटर घरात होताच. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी सकाळी मोजायची. १२.६ व्होल्ट किंवा वर असेल तर भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली गेली तर रिकामीच समजा. आमची १२.४ दाखवत होती. म्हणजे बरी? मग मुलाला सेल्फ मारायला लावला आणि मीटर बघितला. आकडा ८.७ वर घसरला. सेल्फ मारताना तो ९.६ च्या खाली जायला नको. बैल गोठ्यात उभा असताना चांगलाच दिसतो, नांगराला जुंपल्यावर कळतं.

मग गाडी चालू ठेवून मोजलं, १४.१ आले. १३.८ ते १४.४ च्या आसपास असेल तर अल्टरनेटर नीट चार्ज करतोय. हे बघणं फार गरजेचं आहे. अल्टरनेटर बिघडला असेल, अर्थिंगची पट्टी गंजली असेल किंवा टर्मिनलवर पांढरी बुरशी धरली असेल, तर नवीन बॅटरीही थोड्या दिवसांत बसते. पैसे जातात आणि दोष तिथंच राहतो. आणि एक, गाडी चालू असताना टर्मिनल काढून "अल्टरनेटर बघतो" म्हणणारा कुणी असेल तर त्याला हात लावू देऊ नका. व्होल्टेज एकदम उसळतं, डायोड उडतात.

शेवटची परीक्षा हायड्रोमीटरची. ही आपल्याला नवी नाही. भाताचं बी ३ टक्के मिठाच्या पाण्यात टाकतो ना, १० लिटरला ३०० ग्रॅम मीठ, पोचट दाणे वर येतात आणि भरलेले खाली बसतात. हायड्रोमीटर त्याच तत्त्वावर चालतो. अॅसिड दाट असेल तर काडी वर तरंगते, पातळ झालं की बुडते. भरलेल्या बॅटरीत आकडा १.२६० ते १.२८० च्या दरम्यान येतो. बॅटरीत सहा घरं असतात, प्रत्येक घर दोन व्होल्टच्या थोडं वर. आमच्या पाच घरांत १.२४० च्या आसपास आलं, सहाव्यात १.१५०. रात्रभर चार्जिंगला लावून पुन्हा बघितलं, सहावं घर वर यायला तयार नाही. एका घरात आणि बाकीच्यात ०.०५० पेक्षा जास्त फरक राहिला तर ते घर गेलं. सहा बैलांच्या पातीत एक लंगडा निघाला की पूर्ण पात थांबते. म्हणजे बॅटरी बदलायचीच हे ठरलं, आणि का बदलायची हेही कळलं.

आता कोणती घ्यायची? तीन दुकानं फिरलो. एकानं कमी क्षमतेची दाखवली. "काका, हिच्यावरही चालू होते, हजार-बाराशे वाचतील." चालू होईल, दुकानासमोर उन्हात नक्कीच होईल. पण माझा हिशेब वेगळा होता.

दोन वर्षांमागे आवणीच्या दिवसांत रात्री दोनच्या सुमारास पाड्यावरून पोरगं धावत आलं. "दादा, गाडी काढा, आईला पान लागलं." जमिनीवर झोपलेली बाई, मण्यार. भर पाऊस, गाडी चार दिवस जागची हललेली नव्हती. एका सेल्फमध्ये चालू झाली आणि आम्ही शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात पोचलो. प्रतिविष मिळालं, बाई आज शेतात काम करते. १०८ ची गाडी आहे, पण आपल्या वाड्यापाड्यांपर्यंत तिला यायला वेळ लागतो आणि मण्यार वेळ देत नाही. त्या रात्रीनं मला शिकवलं की बॅटरी रोजच्या सकाळसाठी निवडायची नसते. वर्षातल्या सगळ्यात वाईट रात्रीसाठी निवडायची असते.

म्हणून क्षमता कमी केली नाही. गाडीच्या पुस्तकात ६५ अॅम्पिअर-अवर, तेवढीच घेतली. ६५ चा अर्थ असा, की सव्वातीन अॅम्पिअरचा भार २० तास ओढेल. आतला ५ वॅटचा दिवा चुकून जळत राहिला तर तो अर्ध्या अॅम्पिअरपेक्षा थोडं कमी खातो. म्हणजे भरलेली बॅटरी सहा-सात दिवसांत पार कोरडी, आणि डिझेल इंजिन फिरवायची ताकद त्याच्या कितीतरी आधी संपते. लहान बॅटरीत हे दिवस आणखी कमी. दुसरा आकडा सीसीए, तो उणे १८ अंशांवर ३० सेकंद किती करंट देते त्याचा. आपल्याकडे तेवढी थंडी नाही, पण डिझेलचं कॉम्प्रेशन जड असतं, म्हणून दोन बॅटऱ्यांत जिचा हा आकडा जास्त ती बरी.

म्हशाच्या जत्रेत बैल घेताना आपण आधी दात बघतो. बॅटरीचे दात म्हणजे तिची बनवल्याची तारीख. ती आकड्या-अक्षरांत कोरलेली असते, प्रत्येक कंपनीची रीत वेगळी. दुकानदारालाच वाचून दाखवायला सांगा. तीन महिन्यांच्या आतली घ्यावी, कारण बॅटरी फळीवर पडूनही उतरते. नवीन बॅटरीवरही मीटर लावा, १२.५ च्या खाली असेल तर दुसरी मागा. मी मीटर खिशातून काढल्यावर दुकानदार हसला, पण आतून दुसरी आणून दिली.

वॉरंटीचा मोठा आकडा ऐकून भुलू नका. ४८ महिने म्हणतात तेव्हा विचारा, फुकट बदलून किती महिने? बहुतेक वेळा २४ अधिक २४ असं असतं, पहिले २४ महिने फुकट, पुढचे २४ नुसती किमतीत सूट. कार्डावर शिक्का, तारीख, गाडी नंबर तिथंच लिहून घ्या. बिल पक्कं घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून या बॅटरीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आलाय, भाव विचारताना हे ध्यानात ठेवा. ऑनलाइनचा भाव थोडा कमी होता, पण उद्या काही झालं तर ते धूड कुठं पाठवायचं? तालुक्याच्या गावात ज्याच्याकडे चार्जर आणि टेस्टर आहे, तोच दुकानदार बरा.

झाकणाची घ्यावी की सीलबंद? मी झाकणाची घेतली. सहा घरं उघडून बघता येतात आणि महिन्याला डिस्टिल्ड वॉटर बघायची मला सवय आहे. ज्याला ध्यानात राहत नाही त्यानं सीलबंद घ्यावी. विहिरीचं पाणी मात्र ओतू नका, त्यातले क्षार प्लेटा खातात. आणि घरातली इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी गाडीला लावू नका. तिच्या प्लेटा जाड, ती हळूहळू तासन् तास करंट देण्यासाठी असते. गाडीला दोन-तीन सेकंदांत शेकडो अॅम्पिअर लागतात, त्यासाठी पातळ आणि जास्त प्लेटा असतात. खिल्लारीचं काम खिल्लारीनं करावं, म्हशीचं म्हशीनं.

बसवताना टर्मिनल डावी-उजवी बघून घ्या, नाहीतर वायर पुरत नाही. काढताना आधी निगेटिव्ह, लावताना ती शेवटी. क्लॅम्प घट्ट हवा. आपल्या रस्त्यांवर बॅटरी ट्रेमध्ये नाचली तर आतल्या प्लेटा झडतात. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो, जवळ विडी पेटवू नका.

बॅटरी मरते उन्हाळ्यात आणि कळतं पावसाळ्यात. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली पाणी आटतं, प्लेटा उघड्या पडतात. म्हणून आमची गाडी आता आंब्याखाली उभी असते. आवणीच्या दिवसांत ती चिखलात अडकून पडायची वेळ असते, तेव्हा दर चार-पाच दिवसांनी अर्धा तास चालवून आणतो. डेअरीपर्यंत एक किलोमीटर जाऊन परत उभी केली तर सेल्फनं खाल्लेलं भरून निघत नाही. आणि अर्धी उतरलेली बॅटरी बरेच दिवस तशीच राहिली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं, ते मग सुटत नाही.

जुनी बॅटरी दुकानदाराला परत द्या, शिशाचे पैसे बिलातून वजा होतात. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जुनी बॅटरी गोळा करायची जबाबदारी बनवणाऱ्यांवर टाकली आहे, ती भंगारात फोडायची वस्तू नाही. अॅसिड बांधावर ओतून शिसं घरी वितळवणारे मी बघितलेत. ते शिसं मातीतून जात नाही, आणि त्या बांधावर पोरं खेळतात.

मृगाच्या आधी एकदा मीटर लावून बघा मंडळी. बियाणं तपासतो तेव्हाच हेही काम उरकून टाकायचं. पाड्यावरून पोरगं धावत येतं तेव्हा तपासायला वेळ नसतो.