हळदीची भीड

वडनेर हें आमचें आजोळ. शेजारच्या समुद्रपूर तालुक्यांतील वायगांवची हळद, जिला 2016 सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, ती मामांच्या घरीं पितळी डब्यांत असे. ठेंच लागो, खोकला होवो कीं लग्न ठरो, मामींचा हात प्रथम त्या डब्याकडे जाई. दोन वर्षांपूर्वीं मामांस यकृताचा कर्करोग असल्याचें कळलें, तेव्हां कोणा नातलगानें हळदीच्या सत्त्वाच्या गोळ्यांची बाटली आणून दिली यांत नवल नव्हतें. मामींनीं विचारलें, "तूं इतका शिकलेला, तूंच सांग. देऊं का ह्या?"

आम्हीं जन्मभर इंग्रजी काव्य शिकविलें. वैद्यकांत आमचा अधिकार शून्य. परंतु शिकलेल्या भाच्यास "ठाऊक नाहीं" म्हणणें जड जातें. आम्हीं म्हटलें, "द्या मामी. हळदच ती, तिनें अपाय तो काय होणार?"

पुढें रुग्णालयांत डॉक्टरांनीं विचारलें, दुसरें कांहीं औषध चालू आहे काय? मामी म्हणाल्या, "कांहीं नाहीं." त्या खोटें बोलल्या नाहींत, हळद हें त्यांच्या लेखीं औषधच नव्हतें. आम्ही शेजारीं उभे होतों आणि गप्प राहिलों. त्या रात्रीं मात्र वाचावयास बसलों.

हळदीचा पिवळा अंश, कर्क्युमिन, 1815 सालीं युरोपांत वेगळा काढला गेला व 1910 सालीं त्याची घडण उलगडली. प्रयोगशाळेंत कांचेच्या बशींतील यकृत-कर्करोगाच्या पेशी त्यानें मरतात, हें खरें. वर्तमानपत्रें येथेंच थांबतात. पण मनुष्याचें पोट म्हणजे कांचेची बशी नव्हे. गिळलेलें कर्क्युमिन रक्तांत फारच थोडें उतरतें, आणि जें उतरतें त्याची मोडतोड करून तें बाहेर घालविण्याचें काम बव्हंशीं यकृतच करतें! बंगळूरच्या संशोधकांनीं 1998 सालीं दाखविलें कीं, मिऱ्यांतील पिपरीन सोबत दिल्यास रक्तांतील त्याचें प्रमाण वीसपट वाढतें. म्हणून पुष्कळ गोळ्यांत मिऱ्याचें सत्त्व घालतात. मामांच्या बाटलीवरहि तें छापलेलें होतें. 2017 सालीं अमेरिकेंतील रसायनशास्त्रज्ञांनीं शंभरांहून अधिक चाचण्यांचा झाडा घेतला; जींत रोगी व वैद्य या दोघांसहि खरी गोळी कोणती हें ठाऊक नसतें, अशा एकाहि कसोटीस हें द्रव्य उतरलें नव्हतें. आणि 2022 सालीं तेथूनच दहा रुग्णांची हकीकत प्रसिद्ध झाली. हळदीच्या गोळ्यांनीं त्यांच्या यकृतासच इजा झाली होती, एक दगावला.

आमटींतली चिमूटभर हळद निराळी आणि तिचें सत्त्व रोज गिळणें निराळें. हा भेद आमच्या उत्तरांत नव्हता.

वनस्पतींत औषध नाहीं असें मात्र नव्हे. सह्याद्रीच्या रानांत नरक्या नांवाचें एक दुर्गंधी झाड आहे. 1966 सालीं एका चिनी वृक्षांत सांपडलेलें कॅम्प्टोथेसिन या नरक्यांतहि असल्याचें भारतीय रसायनशास्त्रज्ञांनीं 1972 सालीं दाखविलें. रोग्यांस तें प्रथम दिलें तेव्हां मूत्राशयास इजा होऊं लागली व तो नाद सोडावा लागला. पुढें रेणूची घडण बदलून, मात्रा मोजून, वर्षानुवर्षें खपून त्यापासून औषधें केलीं. तीं 1996 सालीं अमेरिकेंत मान्य झालीं. त्यांपैकीं इरिनोटेकान आंतड्याचा कर्करोग यकृतापर्यंत पसरला असतां देतात. मामांचा रोग मूळ यकृताचाच, म्हणून तें त्यांच्या कामाचें नव्हतें. नरक्यास कोणी देव्हाऱ्यांत ठेवीत नाहीं, त्यास दोष देतांना कोणाचें मन दुखत नाहीं. घरच्या वस्तूची गोष्ट वेगळी. (भुईमूग तरी किती घरगुती! पण त्यावर धरणाऱ्या बुरशीचें विष हें यकृताच्या कर्करोगाचें एक सिद्ध कारण आहे.)

सकाळीं आम्हीं डॉक्टरांस सारें सांगितलें व बाटली उचलून नेली. मामींनीं कारण विचारलें नाहीं. दोन महिन्यांनीं मामा गेले. रोगच मोठा होता, असें डॉक्टर म्हणाले.

यंदाहि मामींनीं वायगांवच्या हळदीची पुडी पाठविली आहे. ती आमच्या स्वयंपाकघरांत आहे, रोज आमटींत पडते. त्या गोळ्यांविषयीं मामींशीं आम्ही अद्याप बोललों नाहीं.