बापूंना पत्रिका दे

सांगली

चि. शेखरला,


काल सुनंदानं फोनवर लग्नपत्रिकांची यादी वाचून दाखवली. त्यात बापूंचं नाव नाही. विचारलं तर म्हणाली, यांनीच खोडलं. अकरा लाख बुडवणाऱ्या दिवाळखोराला मांडवात पाय ठेवू देणार नाही म्हणाले. शेखर, हे तू बोललास? दादा गेल्यावर पहिली सुताची गाडी कोणाच्या शब्दावर तुझ्या दारात उतरली, ते मी लिहायला नको. रात्रभर माझा डोळ्याला डोळा लागला नाही.

बापूंना नव्या दिवाळखोरी कायद्याखाली खेचता येईल का, हे तू गेल्या महिन्यात विचारलं होतंस. आधी त्याचं उत्तर. नाही येणार. २०१६ चा तो कायदा आजवर मुख्यतः कंपन्यांपुरताच चालतो, आणि थकबाकीची मर्यादा मार्च २०२० मध्ये एक लाखावरून एक कोटीवर गेली आहे. बापूंची पेढी त्यांच्या एकट्याच्या नावावर. अशा माणसासाठी अजून १९२० चा प्रांतिक नादारी कायदा आणि जिल्हा न्यायालय. तिथं पाचशे रुपयांचं देणं असलं तरी अर्ज करता येतो. शंभर वर्षांत तो आकडा कोणी हलवलेला नाही. कर अर्ज! कोर्ट रिसीव्हर नेमेल, तारण असलेलं सगळं बँक उचलेल, आणि तू मागच्या रांगेत उभा राहशील. नव्या कायद्यात कंपन्यांच्या प्रकरणांतसुद्धा मान्य झालेल्या दाव्यांपैकी सरासरी तिसऱ्या हिश्श्याच्या आसपासच हाती येतं, आणि त्यात उधारीवर माल देणाऱ्याचा नंबर फार खाली. जेट एअरवेजचंच बघ, विमानं १७ एप्रिल २०१९ ला थांबली. कायद्यात मुदत ३३० दिवसांची. कंपनी मोडीत काढण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा हुकूम नोव्हेंबर २०२४ मध्ये आला. तोवर पगार थकलेल्या माणसांनी काय खाल्लं असेल?

कायदा इथं संपला. माझं म्हणणं वेगळं आहे.

बापू कसे बुडाले ते तुला ठाऊक आहे, पण रागानं विसरलास. त्यांच्या मागांवरचं ग्रे कापड पाली-बालोत्र्याला जायचं, तीस दिवसांच्या उधारीवर. तिसाचे साठ झाले, साठाचे नव्वद, मग दलाल फोन उचलेना. इकडे सुताचा दर सकाळी एक आणि संध्याकाळी एक; सायझिंगवाला दारात, वीजबिल डोक्यावर, कामगारांचा आठवडा चुकवायचा नाही ही त्यांची जन्माची शिस्त. छोट्या उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यावेत, नाहीतर बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज द्यावं, असं २००६ चा कायदा सांगतो. पण तक्रार केली की त्या पेढीची पुढची ऑर्डर बंद, हे इचलकरंजीत शेंबडं पोरही सांगेल. म्हणजे नफ्यातला धंदाही केवळ वसुली न झाल्यानं मरतो. बापूंचं कापड विकलं गेलं होतं रे, पैसे तेवढे आले नाहीत.

तरीही तेवढ्यानं ते संपले नसते. बँकेच्या कर्जखात्याच्या टेबलावर माझी नोकरी झाली, म्हणून छातीठोकपणे सांगते, माणूस तोट्यानं बुडत नाही, तोटा लपवण्यानं बुडतो. पहिला हप्ता थकला तेव्हाच बापू बँकेत येऊन बसते, निम्मे माग विकून कर्ज हलकं करते, तर उरलेले माग आज चालू असते. नव्वद दिवस उलटून खातं एनपीए झालं की मॅनेजरचे हातही बांधले जातात. पण आधी येतो कोण? आधी बायकोच्या पाटल्या जातात. मग विम्यावर कर्ज, मग भिशी, मग मेहुण्याकडून हातउसने, आणि शेवटी महिना शेकडा चार-पाच घेणारा सावकार. सावकारीला परवाना लागतो, २०१४ पासून राज्याचा कडक कायदा आहे. पण तक्रार करायची तर आपण बुडालो हे गावाला सांगावं लागतं. तेच तर सांगायचं नसतं! आतून पोखरलेल्या घरांतून हजार-हजार पानांची लग्नं उठलेली मी पाहिली आहेत, केवळ बाजारात शब्द राहावा म्हणून.

आणि हे लपवायला त्यांना भाग कोण पाडतं? यादीतून नाव खोडणारे. तुझ्यासारखे.

बापूंचे माग खोलले त्या दिवशी मी तिथं होते. बिडाच्या फ्रेमांवर घण पडत होते. धोटे पोत्यात भरले, बीम गाडीत फेकले, आणि सगळं वजनकाट्यावर चढलं, किलोच्या भावानं. बापू प्रत्येक खेप वहीत लिहून घेत होते, कारण तो पैसा बँकेचा आहे, एक किलोही इकडेतिकडे जायला नको म्हणून. त्यांच्याकडचे कामगार पलीकडच्या भिंतीला टेकून बघत होते. त्यांतले दोघे आता हातकणंगल्याला रखवालदारी करतात. मुलीची ठरत आलेली सोयरीक महिन्याभरात फिरली. पैसे लांबवून परागंदा होणारे मलाही माहीत आहेत, त्यांना बेड्या पडाव्यात असंच मी म्हणते. पण किलोकिलो लिहून देणारा आणि रातोरात पळणारा, दोघांना तू एकच शिवी घालतोस, तिथं माझं तुझ्याशी भांडण आहे.

बुडणं काही बापूंपासून सुरू झालेलं नाही. मुंबईत १८६५ साली काय झालं ते दादा तुम्हा मुलांना सांगायचा. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला सोन्याचा भाव आला, बॅकबेच्या भरावाचे शेअर आकाशाला भिडले, आणि युद्ध संपताच सगळं कोसळलं. प्रेमचंद रायचंदांसारखा बाजाराचा राजा बुडाला. त्यांनी तेजीत दिलेल्या देणगीचा राजाबाई टॉवर आजही उभा आहे. डॉ. भाऊ दाजींची कमाईही त्या सट्ट्यात गेली, पण आज भायखळ्याच्या संग्रहालयाला त्यांचं नाव आहे. तिथं जाणारा कोणी त्यांना दिवाळखोर म्हणतो का? खेड्यांत मात्र हाल झाले. कापूस उतरला, सारा वाढलेला, सावकाराचं व्याज चढत गेलं, आणि १२ मे १८७५ ला सुप्याला शेतकऱ्यांनी कर्जरोखे जाळले. चार वर्षांनी सरकारनं दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला आणि कर्जापायी त्यांना तुरुंगात टाकणं बंद केलं. परक्या सरकारलाही एवढं समजलं. आपण मात्र बुडालेल्या माणसाला लग्नकार्यातून, पतसंस्थेच्या सभेतून, चहाच्या टेबलावरून हाकलतो. नादार ठरून मोकळा न झालेला माणूस आमदार-खासदार होऊ शकत नाही, हे घटनेतच आहे, आणि ते मला पटतं. पण मांडवात बसायला घटनेनं कोणाला अडवलेलं नाही.

आता माझा जीव कशात अडकलाय ते लिहिते. एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या कर्जाला तू जामीन म्हणून सही केली आहेस, हे मला सुनंदाच्या बोलण्यातून कळलं. तुझ्या तोंडून नाही. बापूंना तू लावायला निघालास तो २०१६ चा कायदा कंपनीच्या वैयक्तिक जामीनदारांना डिसेंबर २०१९ पासून लागू आहे. मे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यावर शिक्कामोर्तबही केलं. कंपनीच्या कर्जावर तोडग्याची योजना मंजूर झाली तरी जामीनदार आपोआप सुटत नाही. तो कायदा बापूंना शिवणार नाही, तुला शिवेल. हे सही करताना तुला कोणी सांगितलं होतं का? की सगळे करतात म्हणून केलीस?

तुझी कॅश क्रेडिट वरपर्यंत भरलेली असते, हेही कानावर आलंय. घर त्यालाच गहाण आहे ना? राहतं घर? बापूंचे अकरा लाख आले नाहीत म्हणून एवढा तडकलास, याचा अर्थ ते अकरा लाख कुठंतरी पुढं द्यायचे होते. कोणाला? सावकाराला तर नाही ना? खरं सांग. बापूसुद्धा त्या वर्षी असेच चिडचिडे झाले होते, ज्याच्या-त्याच्यावर ओरडायचे. आम्हाला वाटलं वय झालं.

बापूंच्या घरी पत्रिका घेऊन तू स्वतः जा, माणूस पाठवू नकोस. पैशांचं त्यांच्याशी बसून ठरव. थोडे-थोडे करून देतो म्हणत होते ते, तू ऐकून घेतलं नाहीस. मी गुरुवारच्या एसटीनं येते. येणं-देणं लिहिलेल्या वह्या, मागच्या वर्षाचे स्टॉक स्टेटमेंट आणि त्या हमीपत्राची प्रत काढून ठेव. शुक्रवारी आपण दोघं बँकेत जाऊ, मॅनेजर काय म्हणतो ते समोरासमोर ऐकू. लग्नाचा खर्च कशातून चाललाय तेही मला त्या वह्यांत दिसलं पाहिजे. आणि सुनंदाला यातलं किती ठाऊक आहे, ते मी यायच्या आधी फोनवर सांग.

तुझी,
आत्या