पालकाची सही

18 जुलै 2019, गुरुवार

प्रॅक्टिकल संपताना एनएसएसचे, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचे, सर फॉर्म वाटून गेले. वर्षाला 120 तास, दोन वर्षांत 240, शिवाय दत्तक गावात सात दिवसांचं निवासी शिबिर, मग प्रमाणपत्र. मैत्रिणींचं लक्ष सवलतीच्या गुणांवर. मी एसटीचा हिशेब करत बसले. चारची गाडी चुकली की पुढची साडेसहाला. तोवर म्हशींच्या धारेची वेळ टळते, आणि आईचं मनगट अजून बरं नाही.

फॉर्मच्या तळाशी चौकट आहे : पालकाचे संमतीपत्र.

20 जुलै, शनिवार

आप्पांनी चष्मा न लावताच फॉर्म परत दिला. "संघटना-बिंघटना काय नको."

त्यांच्या मनात दादाचं आहे, हे मला ठाऊक होतं. शेवटच्या वर्षाला असताना तो एका विद्यार्थी संघटनेत होता. शिष्यवृत्ती रखडली म्हणून रास्ता रोको झाला, त्यात त्याच्यावर गुन्हा दाखल झाला. पुढे पोलीस भरतीत मैदान मारलं, लेखी निघाली आणि चारित्र्य पडताळणीत गाडी अडकली. ज्यांनी त्याला रस्त्यावर पुढं बसवलं, त्यांतलं कुणी एकाही तारखेला कोर्टात आलं नाही. प्रत्येक तारखेला भाकरी बांधून घेऊन आप्पाच सोबत गेले.

तरीही मागणी बरोबर होती, असं दादा आजही म्हणतो. मलाही तसंच वाटतं. आप्पांसमोर ते बोलायचं धाडस मात्र झालं नाही.

"आप्पा, ही संघटना न्हवं, सरकारची योजना हाय."

"मग सही कशाला लागती?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

7 ऑगस्ट, बुधवार

कॉलेज बंद. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी. सांगलीत कृष्णेनं 50 फूट ओलांडलेत. शिरोळच्या आत्याचा फोन लागत नाही. आप्पा दर तासाला लावून बघतात.

18 ऑगस्ट, रविवार

आत्या सुखरूप आहे, छावणीतून घरी परतली. तिच्या गावच्या शाळेतला गाळ काढायला एनएसएसची मुलं जाणार, फॉर्म न भरलेल्यांनीही यावं, असा सरांचा निरोप होता. आप्पा स्वतःहून म्हणाले, "जा. आत्याला बघून ये."

आम्ही चाळीसभर होतो. आधी लेप्टोच्या गोळ्या वाटल्या, मग फावडी आणि घमेली. दुसरीच्या वर्गाचं दार फुगून बसलेलं, आतून गाळाचा दाब. शेवटी खिडकीतून उतरावं लागलं. गाळ पोटरीपर्यंत, काळा, लोण्यासारखा मऊ, आणि वास असा की डबा उघडवेना. हजेरीपट भिजून पावासारखा फुगला होता. खिचडीच्या तांदळाची पोती आंबून फाटलेली. मी फावडं उभं मारत होते, दर वेळी निम्मा गाळ परत खाली. तिसऱ्या वर्षाच्या एका ताईनं माझा हात धरून फावडं आडवं केलं. "फरशीला घासत ने, उचलायची घाई करू नको. आणि ओला आहे तोवरच काढ, वाळला की दगड होतो." एवढं कळल्यावर तासाभरात फरशीचा पहिला तुकडा दिसला. लाल फरशी! त्या तुकड्याकडे बघून मला रडू आलं.

भिंतीवर 2005च्या पुराची रेघ कुणीतरी ऑइलपेंटनं मारून ठेवली होती. या वेळचा ओलावा तिच्याही वर.

19 ऑगस्ट, सोमवार

रात्री आत्याकडेच राहिले. काल दुपारी फोटो झाल्यावर बरेच जण निघून गेले होते. आज आम्ही चौदा. त्या चौदांतच राहायचं, हे मी सकाळी खराटा हातात घेतानाच ठरवलं.

दुपारी एक आजोबा कट्ट्यावर येऊन बसले. "पोरांनो, गाळ काढताय, लई उपकार. पर धरणाचं पानी येळंत का सोडलं न्हाई, ते कोन इचारनार?"

कुणीच बोललं नाही. मला दादा आठवला. त्यानं असंच काहीतरी विचारलं होतं, आणि विचारायला तो एकटा उरला. फावडं धरायला मी इथं शिकले. हा प्रश्न मात्र आमच्या 240 तासांत कुठेच बसत नाही. तो मला सोडायचा नाही. एनएसएसमध्ये जाणं म्हणजे दादा चुकला असं कबूल करणं नव्हे, हे घरी स्पष्ट सांगायला हवं.

24 सप्टेंबर, मंगळवार

आज एनएसएसला 50 वर्षं झाली. 1969 साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, 37 विद्यापीठांतल्या 40,000 विद्यार्थ्यांपासून सुरुवात झाली, असं सरांनी सांगितलं. बिल्ल्यावर कोणार्कच्या रथाचं चाक आहे, त्याचे आठ आरे म्हणजे दिवसाचे आठ प्रहर. माझ्याकडे बिल्ला नाही अजून. फॉर्मची मुदत वाढवली आहे, उद्या शेवटचा दिवस.

जेवणानंतर सगळं सांगितलं, आजोबांचा प्रश्नसुद्धा. धारेचं दादानं अंगावर घेतलं, "आठवड्यातनं दोन दिवस मी काढतो." आप्पांनी चष्मा लावला. फॉर्म पहिल्या ओळीपासून वाचला, सावकाश.

"सात दिवसांचं ते शिबिर, कुठल्या गावाला?"

"यंदा आत्याचंच गाव दत्तक घेतलंय."

त्यांनी पेन मागितलं. सही झाल्यावर शाई वाळेपर्यंत फॉर्म हातात धरून बसले, मग म्हणाले, "तिला आत्ताच फोन लाव."