केस, पाणी आणि गहू

भिवंडीत कुणाचे केस गळायला लागले की पहिला आरोपी ठरलेला. पाणी! टँकरचं खारं, बोअरचं जड, नळाला क्लोरीन जास्त... खाण्याकडे बोट जातं ते सगळ्यात शेवटी, आणि तेही "नीट खात नाहीस" एवढंच म्हणायला. जास्त खाल्ल्याने केस जातात असं कुणी म्हणत नाही.

पण बुलढाण्यात नेमकं तेच झालं असावं. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस मुठीने हातात येऊ लागले. काही दिवसांत टक्कल! शाळा-कॉलेजातली पोरंपोरीही त्यातून सुटली नाहीत. तिथेही आधी संशय पाण्यावरच. मग महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर (हो, विंचूदंशावर काम केलेले तेच) तिथे गेले आणि त्यांनी गहू तपासून घेतला. किलोला १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम निघालं. बाधितांच्या रक्तातही सेलेनियम भरपूर, आणि जस्त मात्र कमी. त्यांचा निष्कर्ष असा की दोष रेशनवर आलेल्या गव्हाचा.

मी हिशेब मांडून पाहिला. अशा गव्हाच्या ३०० ग्रॅम कणकेच्या चपात्या म्हणजे दिवसाला चार हजारांवर मायक्रोग्रॅम. गरज असते साधारण ५५ची, आणि ४००च्या पुढे जाऊ नये असं अमेरिकेतलं प्रमाण सांगतं. रोजचीच चपाती, बिचारी!

गंमत म्हणजे हेच सेलेनियम केसांच्या गोळ्यांतही असतं. २००८ साली अमेरिकेत एका पातळ टॉनिकात ते चुकून लेबलवरच्या दोनशेपट पडलं आणि दोनशे माणसं आजारी पडली. त्यातल्या बऱ्याच जणांचे केस गेले. तब्येतीसाठी घेतलेलं टॉनिक!

म्हणून पुतणीने परवा अशाच गोळ्यांची बाटली दाखवली तेव्हा मी आधी तारखा विचारल्या. अडीच महिन्यांपूर्वी तिला डेंग्यू झाला होता. मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केस गळतात आणि बहुतेकदा आपोआप परत येतात. बाळंतपणानंतरही तसंच. लोह कमी असेल तर लोहाने फरक पडू शकतो, पण कमी आहे हे रक्त तपासल्याशिवाय कळायचं कसं? (माझ्या टकलाचा प्रश्न वेगळा. ते आजोबांकडून आलंय, त्याला बदाम काय करणार!)

ती म्हणाली, "काका, पण साडेसातशे रुपये गेले ना!" मी म्हटलं, जाऊ देत. सोमवारी लॅबमध्ये जाणार आहे.