ट्रकचं टाइमटेबल कोण भरतं?

उरणकर मित्रांनो, पोस्ट थोडी मोठी आहे. ट्रेलरच्या रांगेत अडकला असाल तर वाचायला वेळ आहेच.

आपल्याकडे रांगेची बातमी ठरलेली. फोटो, 'नागरिक हैराण', अधिकाऱ्यांचं 'लवकरच उपाययोजना', संपलं. मीही अशा कितीतरी बातम्या दिल्यात. पण रांग लागते का, याचं उत्तर या बातम्यांत नसतं. ते मला एका लॅपटॉपवर बघायला मिळालं.

शेजारच्या गावातल्या प्रकल्पग्रस्ताचा एक मुलगा इंजिनीअर आहे. बंदरांचं सिम्युलेशन करणं हे त्याचं काम. सिम्युलेशन म्हणजे कॉम्प्युटरमधलं खोटं बंदर. क्रेन, यार्ड, गेट, ट्रक सगळं त्यात. नवीन गेट बांधायच्या आधी ते इथे चालवून बघतात, मगच कोट्यवधींचे निर्णय होतात. एनीलॉजिक, फ्लेक्ससिम, अरीना अशी सॉफ्टवेअरं त्यासाठी वापरतात.

मी त्याला म्हटलं, "मला फक्त गेट दाखव. ट्रक येतात कुठून ते दाखव."

तो हसला. "दादा, ट्रक येत नसतात, आपणच टाकायचे असतात."

मुद्दा इथेच आहे. क्रेन किती वेगाने चालते, गेटला किती लेन आहेत, हे मोजता येतं. पण ट्रक किती वाजता किती येणार, हे कोणीतरी बसून कोष्टकात भरतो. आडवे चोवीस तास, उभे सात दिवस. त्या चौकटींत काय भरलं, त्यावर रांग लागणार की नाही ते ठरतं.

त्याने एक काल्पनिक गेट मांडलं. आकडे सोपे आहेत, तुम्हीही कागदावर करून बघा. गेटला चार लेन. एका ट्रकला चार मिनिटं. म्हणजे तासाला ६० ट्रक आत जाऊ शकतात. दिवसाला येणार १,२०० ट्रक, म्हणजे सरासरी तासाला ५०. क्षमता ६०, येणार ५०. झालं काम!

सॉफ्टवेअरमध्ये सगळ्यात सोपा पर्याय म्हणजे ट्रक समान अंतराने सोडणे. दर ७२ सेकंदांना एक. त्याने तसं चालवलं. रांग शून्य. स्क्रीनवर ट्रक लग्नातल्या पंगतीसारखे शिस्तीत आत जात होते. असा रिपोर्ट कोणाच्याही टेबलावर ठेवा, सही मिळेल.

मग त्याने तेच १,२०० ट्रक खऱ्यासारखे सोडले. संध्याकाळी सहा ते रात्री दहा तासाला १०० आणि बाकीच्या वीस तासांत तासाला ४०. बेरीज तीच, सरासरी तीच. पण आता संध्याकाळी दर तासाला ४० ट्रक बाहेर साचतात. रात्री दहाला बाहेर १६० ट्रेलर उभे. एका ट्रेलरला अंतरासह वीस मीटर धरले तर एकेरी रांग ३.२ किलोमीटर. दहाला आलेल्या ड्रायव्हरचा नंबर रात्री बाराचाळीसला लागणार. आणि रांग पूर्ण संपणार पहाटे सहाला, कारण रात्रभर तासाला फक्त वीसच गाड्या कमी होतात.

इथे मी गप्प झालो. माझ्या आईचं डायलिसिस पनवेलला चालायचं, आठवड्यातून दोनदा, रात्रीच्या पाळीत. तिला घेऊन निघायला अकरा व्हायचे. बारा वाजता आम्ही ट्रेलरच्या मागे उभे. आई विचारायची, "एवढ्या रात्री कसली रे गर्दी?" माझ्याकडे उत्तर नसायचं. उत्तर त्या स्क्रीनवर होतं. बारा वाजताची रांग ही बारा वाजताची गर्दी नसते, ती संध्याकाळची उधारी असते. त्या कोष्टकाप्रमाणे मध्यरात्री १२० ट्रेलर अजून बाहेरच असतात.

ट्रक असे एकदम का येतात? ड्रायव्हर मुद्दाम करतात असं नाही. कारखान्यात माल भरून होतो दुपारनंतर. शहरांत अवजड वाहनांच्या बंदीचे तास असतात, ते संपले की अडवलेल्या गाड्या एकदम सुटतात. निर्यातीच्या मालाला जहाजाची 'कट-ऑफ' वेळ असते. ती चुकली की कंटेनर पुढच्या जहाजाला, म्हणून शेवटच्या तासांत झुंबड. आयातीत उलटं. जहाज खाली झालं की माल उचलायला धाव, कारण फुकट ठेवायचे दिवस संपले की भाडं चालू. गणपतीत मुंबई-गोवा महामार्गावर अवजड वाहनांना बंदी लागते, तेव्हा आगेमागे सगळं वेगळंच.

म्हणून चांगलं मॉडेल करणारा माणूस कोष्टक मनाने भरत नाही. गेटवरच्या निदान काही आठवड्यांच्या नोंदी घेतो. निर्यातीचे ट्रक जहाजाच्या कट-ऑफला जोडतो, आयातीचे जहाज लागण्याच्या वेळेला. भरलेला कंटेनर, खाली कंटेनर, एक सोडून दुसरा घेऊन जाणारी गाडी, असे प्रकार वेगळे करतो. कागद न जुळल्यामुळे लेनमध्ये अडकणाऱ्या गाड्याही धरतो. त्यातल्या एकीला चार मिनिटं नाही, चाळीस लागतात.

आणि दोन ट्रकमधलं अंतर समान ठेवत नाही. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या एरलांग नावाच्या गणितज्ञाने १९०९ मध्येच यावर लिहिलं होतं. समजा एकच खिडकी आहे, माणसं वेळीअवेळी येतात आणि प्रत्येकाला कमीजास्त वेळ लागतो. खिडकी ८० टक्के वेळ व्यस्त असेल तर रांगेत सरासरी तीन जण. ९० टक्के झाली तर आठ. ९५ टक्के झाली तर अठरा. काम थोडंच वाढतं, रांग सहापट होते. रेशन दुकानात उभं राहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको.

आता उपाय बघा. आपल्याकडे पहिली मागणी असते, लेन वाढवा. त्याने पाचवी लेन टाकली. दहा वाजताची रांग १६० वरून १०० वर आली, म्हणजे तरी दोन किलोमीटर, आणि रात्री एकच्या आसपास संपली. मग लेन चारच ठेवून त्याने संध्याकाळचे १६० ट्रक उरलेल्या वीस तासांत वाटले, तासाला आठ. थोडीफार रांग राहिली, किलोमीटरची गोष्ट संपली. एक रुपयाचं काँक्रीट न ओतता.

याला जगात अपॉइंटमेंट म्हणतात. ट्रकने वेळ घेऊन यायचं. पण तीही नीट करावी लागते. कॅलिफोर्नियात २००३ पासून कायदा लागू झाला, गेटवर ट्रक तीस मिनिटांपेक्षा जास्त ताटकळला तर टर्मिनलला २५० डॉलर दंड. अपॉइंटमेंट देणाऱ्याला सूट होती, म्हणून अनेकांनी सुटीपुरती अपॉइंटमेंट सुरू केली. संशोधकांनी नंतर तपासलं तर रांगेत फारसा फरक दिसला नाही. सिडनीच्या पोर्ट बॉटनीत २०११ पासून नियम दोन्ही बाजूंना लावले. ट्रक वेळेवर आला नाही तर वाहतूकदाराला भुर्दंड, टर्मिनलने ताटकळवलं तर टर्मिनलला. आपल्याकडे वेळ पाळायची सक्ती फक्त ड्रायव्हरवर आली, तर तो बिचारा दोन तास आधी येऊन आपल्याच गावाबाहेर गाडी लावणार.

आणखी एक गोष्ट. 'ट्रक टर्नअराऊंड टाइम' हा शब्द तुम्ही बातम्यांत वाचता. बहुतेक ठिकाणी तो गेटमधून आत गेल्यापासून बाहेर येईपर्यंत मोजतात. बाहेर रस्त्यावर घालवलेले तास त्यात नसतात. म्हणजे आकडा सुधारू शकतो आणि रांग तशीच राहू शकते. ड्रायव्हर केबिनमध्ये झोपतो, त्याला ना संडास ना पाणी. आपली ॲम्ब्युलन्स मागे हॉर्न वाजवते. दोघंही हिशेबात नाहीत.

न्हावा-शेवा बंदर १९८९ ला सुरू झालं. त्याआधी, जानेवारी १९८४ मध्ये, दि. बा. पाटील साहेबांच्या नेतृत्वाखालच्या लढ्यात आपले पाच जण हुतात्मा झाले. त्या पिढीने जमिनीचा भाव मागायला शिकवलं. आपल्या पिढीने आकडा मागायला शिकलं पाहिजे. वाढवणचं भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ ला झालं, तिथल्या भावाबहिणींनाही हे लागू आहे.

मागायचं काय? पर्यावरणाच्या जनसुनावणीआधी निदान ३० दिवस नोटीस आणि मसुदा अहवाल उपलब्ध करावा लागतो. त्यात वाहतुकीचं प्रकरण उघडा. दिवसाचे ट्रक दिलेत की तासाचे? कोणत्या महिन्यातल्या नोंदी घेतल्या? रांग मोजायला गेटपासून सुरुवात केली की गावाच्या फाट्यापासून? उत्तर नसेल तर सुनावणीत उभं राहून विचारा, नोंदवून घ्या. एरवी माहितीचा अधिकार आहेच, दहा रुपये फी, ३० दिवसांत उत्तर.

आणि तोवर आपलं कोष्टक आपणच भरू. फाट्यावर दुकान असेल, रिक्षा लावत असाल, रात्रपाळी करून येत असाल, तर एक आठवडा फक्त एवढंच लिहा: वार, वेळ आणि रांगेचं शेपूट कुठपर्यंत आलं. कमेंटमध्ये टाका किंवा मला मेसेज करा. गावाचं नाव लिहा, ट्रकचा नंबर नको, ड्रायव्हरचा फोटो तर अजिबात नको. सात दिवस, चोवीस तास, १६८ चौकटी आहेत. भरल्या की तो कागद घेऊन मी स्वतः अर्ज करणार आहे.