ज्या गावात तो चित्रपट पडला

नवरा-बायकोने प्रवासाला निघावे आणि दोघांच्या हातांत एकाच गावाचे दोन निराळे नकाशे असावेत, असा प्रसंग वाचकांपैकी पुष्कळांवर आला असेल. आमच्यावर तो गेल्या मे महिन्यात साल्झबुर्गच्या स्टेशनावर आला. माझी भाची म्युनिकला नोकरीला आहे. सुटीत तिच्याकडे गेलो होतो, आणि तिथून आगगाडीने दोन तासांच्या आत ऑस्ट्रियातले हे गाव येते. माझ्या नकाशावर कापुझिनरबेर्ग नावाच्या टेकडीभोवती लाल शाईचे वर्तुळ होते, कारण श्टेफान त्स्वाइग हा थोर लेखक १९१९ ते १९३४ या काळात त्या टेकडीवर राहत असे. सौ.च्या नकाशावर अशी सात-आठ वर्तुळे होती, आणि ती सगळी एका चित्रपटाची होती : 'द साउंड ऑफ म्युझिक'.

"अहो, तुमचा त्स्वाइग काही पळून जात नाही," ती म्हणाली. "आधी माझं. बाबांना फोटो पाठवायचेत."

बाबा म्हणजे माझे सासरे. तरुणपणी मुंबईत नोकरीला लागल्यावर त्यांनी हा चित्रपट अकरा वेळा पाहिला. इंग्रजी बेताचेच, पण गाणी तोंडपाठ! सौ.ला अंगाई म्हणून त्यांनी हीच गाणी म्हटली. आता ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, साताऱ्याला अंथरुणाला खिळून असतात, आणि निघताना त्यांनी लेकीकडे एकच मागणे मागितले होते : "शेवटी ते ज्या डोंगरावरून पळून जातात ना, तो डोंगर मला दाखव."

मी कॉलेजात मराठी शिकवतो. लोकप्रियता आणि गुणवत्ता ही दोन निरनिराळी मापे आहेत, हे मी दर वर्षी मुलांना सांगतो, आणि उदाहरणे देताना चित्रपटांनाच जास्त झोडपतो. त्यामुळे या यात्रेत मी थोड्या नाखुशीनेच सामील झालो.

पण आकडे पाहिले तर आपण गप्पच बसावे! रॉबर्ट वाइझ यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १९६५ च्या मार्चमध्ये अमेरिकेत लागला. खर्च सुमारे ८२ लाख डॉलर. १९३९ च्या 'गॉन विथ द विंड'ने पाव शतक सांभाळलेला गल्ल्याचा विक्रम त्याने १९६६ साली मोडला. पुढे 'गॉडफादर', 'जॉज', 'स्टार वॉर्स', 'टायटॅनिक' असे एकेक मल्ल आखाड्यात उतरत गेले. २००९ च्या 'अवतार'चा गल्ला पुनःप्रदर्शने धरून २९० कोटी डॉलरांपर्यंत गेला. मात्र यात एक गोम आहे. १९३९ चा डॉलर आणि २००९ चा डॉलर एका तराजूत घालणे म्हणजे आजोबांच्या पगाराशी नातवाचा पगार ताडून पाहण्यासारखे आहे. विकलेली तिकिटे मोजली तर नक्षा पालटतो. नुसत्या अमेरिकेचा अंदाज घेतला तर 'गॉन विथ द विंड'ची तिकिटे २० कोटींच्या घरात जातात आणि आमच्या या चित्रपटाची १४ कोटींच्या. सोव्हिएत रशियात तर हिशेबच मुळी प्रेक्षकांच्या डोक्यांचा असे. तिथे १९५४ साली लागलेला आपल्या राज कपूरचा 'आवारा' सहा कोटींहून अधिक लोकांनी पाहिला.

दुसऱ्या दिवशी आम्ही चित्रपटातली स्थळे दाखवणाऱ्या बसमध्ये बसलो. बाहेर पाऊस होता. इथल्या पावसाच्या धारा सुतळी लोंबकळावी तशा सरळ आणि न संपणाऱ्या. म्हणून इथले लोक त्याला 'दोरीचा पाऊस' म्हणतात. १९६४ साली चित्रीकरणाला आलेल्या मंडळींनाही त्याने असेच रखडवले होते. बसमध्ये जपानी, कोरियन, अमेरिकन, ब्राझिलियन अशी सगळी दुनिया होती, आणि सगळी दुनिया एकच गाणे गात होती. मिराबेल बागेच्या पायऱ्या झाल्या, लग्नाच्या प्रसंगाचे मोंडझे गावचे चर्च झाले. कॅप्टनच्या बंगल्याची पुढची बाजू एका वाड्याची, तर तळ्याकाठची मागची बाजू दुसऱ्याच जागेची, हेही कळले. चित्रपटात लग्नानंतर लगेच पळापळ सुरू होते. खरे लग्न १९२७ साली नोनबेर्गच्या मठात लागले, आणि कुटुंबाने देश सोडला तो अकरा वर्षांनी. ज्या हिरव्या कुरणावर चित्रपट सुरू होतो ते तर ऑस्ट्रियात नाहीच, सरहद्दीपलीकडे बव्हेरियात आहे! अशी एकेक चूक मी वहीत टिपत होतो आणि सौ. खिडकीबाहेर पाहत होती.

आमचा मुक्काम लेओपोल्ड्सक्रोनच्या तळ्याजवळ एका आजींच्या घरी होता. ऐंशीच्या पुढचे वय, पण ताठ चालणे आणि स्वच्छ इंग्रजी. संध्याकाळी त्यांनी कॉफी दिली. सौ.ने उत्साहाने विचारले, "तुम्ही तो चित्रपट किती वेळा पाहिलात?"

"एकदाही नाही," आजी म्हणाल्या.

सौ.च्या हातातला कप तसाच राहिला. साऱ्या जगात धो धो चाललेला हा चित्रपट जिथे घडला त्याच गावात साफ पडला होता. थोड्याच दिवसांत चित्रगृहावरून उतरला. याचे सरळ कारण असे की, याच कुटुंबावर १९५६ साली पश्चिम जर्मनीत 'दी ट्राप फामिली' हा चित्रपट निघाला होता आणि या भागातल्या लोकांनी तो डोक्यावर घेतला होता. घरचे जेवण झाल्यावर अमेरिकन पंगतीला कोण बसणार? शिवाय या चित्रपटातली गाणी ऑस्ट्रियाची नव्हेत, न्यू यॉर्कच्या रंगभूमीसाठी रॉजर्स आणि हॅमरस्टाइन यांनी १९५९ साली रचलेली.

"हे खरं," आजी म्हणाल्या, "पण एवढंच खरं नाही. तेव्हा आम्ही जुन्या शहरात राहत होतो. मी वीस-एकवीस वर्षांची असेन. चित्रपटवाल्यांनी रेसिडेन्झप्लाट्झच्या चौकात स्वस्तिकाचे झेंडे लावले आणि आईनं खिडक्या लावून घेतल्या. म्हणाली, हे झेंडे मी एकदा पाहिलेत, आणि तेव्हा खिडक्या उघड्या होत्या."

एवढे बोलून त्या कप उचलून आत गेल्या.

त्या झेंड्यांची हकिकत मी मागाहून वाचली. गावच्या अधिकाऱ्यांनी परवानगी नाकारली होती. चित्रपटवाले म्हणाले, ठीक आहे, मग १९३८ चे खरे वार्तापट वापरतो. त्या वार्तापटांतली गर्दी आणि तिचा आनंद अधिकाऱ्यांना ठाऊक असणार, परवानगी मिळाली. म्युनिकमध्ये तर या चित्रपटाच्या वितरण कचेरीतल्या अधिकाऱ्याने लग्नानंतरचा सगळा भागच कापून टाकला होता. झेंडे नाहीत, नाझी नाहीत, नुसते गोड लग्न! वरिष्ठांनी तो भाग पुन्हा जोडायला लावला.

तिसऱ्या दिवशी पाऊस थांबला आणि आम्ही त्या चौकात गेलो. मधोमध दगडी घोड्यांचे भव्य कारंजे आहे; चित्रपटातली नायिका गात गात त्या घोड्यांवर पाणी उडवते. सौ. तिथे फोटो काढत राहिली. मी थोडा पुढे गेलो आणि जमिनीत बसवलेल्या एका स्मारकापाशी थबकलो. पुस्तकाचा सांगाडा असावा तसा त्याचा आकार आहे. ३० एप्रिल १९३८ रोजी, हिटलरने ऑस्ट्रिया गिळल्यावर दोन महिन्यांच्या आत, याच चौकात सुमारे बाराशे पुस्तके जाहीरपणे जाळली गेली. त्यांत त्स्वाइगची पुस्तके होती. तो आधीच परागंदा झाला होता. १९४२ साली ब्राझिलमध्ये त्याने आयुष्य संपवले. हे स्मारक झाले ते २०१८ साली, ऐंशी वर्षांनी.

म्हणजे माझा नकाशा आणि सौ.चा नकाशा एकाच चौकात येऊन मिळत होते. दोघांमध्ये अंतर होते ते शंभर पावलांचे. चित्रपटाच्या चुकांची माझी यादी खरीच होती. पण गावाला जे नकोसे झाले होते, त्यातले थोडेसे का होईना, त्या गोड, गुळगुळीत चित्रपटाने जगभरच्या कोट्यवधी कुटुंबांपुढे पडद्यावर ठेवले होते. माझ्या सासऱ्यांना त्स्वाइग ठाऊक नाही. पण एक माणूस आपल्या घरावरचा तो झेंडा उतरवून फाडतो आणि राहते घर सोडतो, हे त्यांना पन्नासहून अधिक वर्षे ठाऊक आहे. साल्झबुर्गच्या रंगभूमीवर हे संगीतक २०११ साली आले. आता दर वर्षी तीन लाखांच्या आसपास माणसे या चित्रपटाच्या ओढीने इथे येतात, आणि त्यांतल्या काहींना तरी हा जमिनीतला सांगाडा दिसत असेल.

निघायच्या दिवशी सकाळी लख्ख ऊन पडले. तळ्यापलीकडे उंटर्सबेर्ग डोंगर स्पष्ट दिसू लागला. सौ.ने आजींना विचारले, "ते लोक याच डोंगरावरून गेले ना?"

आजी पहिल्यांदाच मोकळेपणाने हसल्या. "या डोंगरापलीकडे जर्मनी आहे, मुली! हिटलरचा बंगला त्याच बाजूला होता. ट्राप मंडळी आगगाडीत बसून इटलीला गेली. चित्रपटातला हा शेवट ऐकून आम्ही सगळेच हसतो."

सौ. काही बोलली नाही. एवढ्यात साताऱ्याहून फोन आला. पडद्यावर बाबांचा उशीवरचा चेहरा. आवाज खोल गेलेला.

"डोंगर दिसला का गं?"

तिने फोन डोंगराकडे वळवला. माझ्या वहीतल्या यादीत आजच नवी ओळ चढायची होती, आणि ती सगळ्यांत मोठी चूक होती. माझ्या जिभेवर ती आलीही.

"हाच, बाबा," ती म्हणाली. "हाच तो."

मी आजींकडे पाहिले. त्यांना मराठी येत नाही, पण समजायचे ते समजले असावे. त्यांनी पुढे होऊन खिडकीचा पडदा पुरता बाजूला सारला, म्हणजे साताऱ्याला डोंगर नीट दिसावा.