पोळणे आणि वळणे

आमच्या पनवेलचे बेथ एल सिनेगॉग १८४९ सालचे. ते बांधणारे बेने इस्राएल लोक घाण्यावर तेल काढीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून ‘शनिवार तेली’. घरात बोलणे मराठी, प्रार्थना मात्र हिब्रू. त्या हिब्रूत पश्चात्तापाला ‘तेशुवा’ म्हणतात. धातू ‘शुव्’, म्हणजे मागे वळणे, परत येणे.

बायबलचा नवा करार ग्रीकमध्ये आहे. तिथे या अर्थी क्रियापद येते ‘मेतानोएओ’. ‘मेता’ म्हणजे नंतर, आणि जोडशब्दात पुष्कळदा बदलही. ‘नोएओ’ म्हणजे जाणणे, विचार करणे. मन बदलणे, म्हणा ना! मराठी बायबलात त्याचे ‘पश्चात्ताप करणे’ झाले. ‘पश्चात्’ म्हणजे नंतर, तेवढे जुळले; पण मनाच्या जागी आला ताप. नंतर पोळणे!

हा फरक मला नुसता व्याकरणाचा वाटत नाही. थोरल्या आत्याने स्वतःच्या पसंतीने लग्न केले, तेव्हा आजोबांनी तिचे नाव टाकले. पुढे त्यांना फार लागले. जेवताना डोळे भरत, रात्री झोप नसे. आजी म्हणे, “अहो, पोळलात तेवढं पुरे. एक कार्ड टाका!” कार्ड काही पडले नाही. आठ वर्षे नुसता ताप.

शेवटी आजीच एकटी एस.टी.त बसली आणि आत्याला घेऊन आली. आजोबा ओटीवर होते. उठले, आणि तिच्या हातातली पिशवी घेतली.